रिकाम्या पीजीचा उन्हाळा: खोल्या चालवून देणाऱ्या सेवेचा माझा अनुभव

सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या पीजीच्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं चालवून देणाऱ्या एका कंपनीला माझे पाचपैकी तीन तारे. दोन तारे पैसे वेळेवर दिल्याबद्दल आणि एक त्यांनी पाठवलेल्या सफाईच्या बाईंसाठी. बाकीचे दोन का कापले ते सविस्तर लिहिते, कारण मार्च लागला की बडोद्यात पीजी चालवणाऱ्या आम्हा बायकांमध्ये हाच विषय निघतो आणि प्रत्येकीला आकडे हवे असतात. मी 28 वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. हिशेबाची वही ठेवायची सवय अजून सुटलेली नाही, त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा वहीतला आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. करार करण्याआधी मी तिघांशी बोलले होते. तिघांची टक्केवारी आणि अटी थोड्या इकडे तिकडे सोडल्या तर सारख्याच होत्या. तेव्हा तुम्ही कुणाशीही बोलणार असाल तरी हे उपयोगी पडेल.

आमचं घर प्रतापगंजात, सासऱ्यांनी बांधलेलं. खाली आम्ही दोघं, वरच्या दोन मजल्यांवर सहा खोल्या, अकरा खाटा, सगळ्या मुली. युनिव्हर्सिटी चालत जाण्याइतकी जवळ, कामाटीबाग त्याहून जवळ. खाटेचे महिन्याला 5,000, जेवण नाही, एसीचं बिल पोटमीटरवर वेगळं. एप्रिलच्या शेवटी परीक्षा आटोपतात, मुली ट्रंका माळ्यावर चढवतात, पाया पडतात आणि गावी जातात. जून अर्धा सरला की परत येतात. मधला दीड महिना वरचे दोन्ही मजले बंद. ज्या मुलीला तीच खाट पुढच्या वर्षी हवी असते ती सुट्टीचं अर्धं भाडं देते. बडोद्यात बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे आणि आमच्याकडेही 19 वर्षं हीच चालत आली.

उन्हाळ्यात खोल्या द्यायचं मनात आलं ते धाकट्या मुलीमुळे. ती एडिंबरोला एक वर्ष शिकायला होती. तिथे दर ऑगस्टमध्ये मोठा कला महोत्सव भरतो, 1947 पासून. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा तिथली युनिव्हर्सिटी पोलॉक हॉल्स नावाची आपली वसतिगृहं पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबानं देते. लंडनची एलएसईसुद्धा उन्हाळ्यात असंच करते. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुझ्या सहा खोल्या मे महिन्यात नुसत्या तापत बसतात, तू का नाही करत?" तिचं म्हणणं मला पटलं. फक्त एक गोष्ट तेव्हा मी तिला विचारली नाही, ती नंतर महागात पडली. तिथे वसतिगृहाचा करारच शैक्षणिक वर्षापुरता असतो. मुदत संपली की मुलाला टाचणीसकट खोली मोकळी करून द्यावी लागते. आमच्या मुली सामान ठेवून जातात. तिथली खोली खरोखर रिकामी होते, आमची नुसती बंद होते.

एप्रिल 2025 मध्ये मी करार केला. चार खोल्या, 1 मे ते 15 जून. उरलेल्या दोन खोल्यांत पीएचडी करणाऱ्या तीन मुली राहणारच होत्या. कंपनीच्या अटी अशा: प्रत्येक बुकिंगवर 22 टक्के, खोली 'तयार' करण्याचे सुरुवातीला खोलीमागे 2,000, पाहुणा बदलला की सफाई आणि चादरींचे 150. फोटो, जाहिरात, फोन, ओळखपत्रं, पैसे हे सगळं त्यांच्याकडे. वीज, पाणी, दुरुस्ती माझ्याकडे. पहिल्या भेटीला आलेला मुलगा म्हणाला, "मावशी, एका खोलीचे महिन्याला 30,000 कुठे गेले नाहीत." वहीत मी तेव्हा पेन्सिलीनं लिहिलं होतं: 1,000 गुणिले 30. म्हणजे महिनाभरात एकही रात्र रिकामी नाही असं तो धरून चालला होता.

आधी चांगलं सांगते. फोटो त्यांनी सुंदर काढले. सकाळी आठच्या उजेडात, खिडकीतला कडुनिंब दिसेल असे. माझी मुलगीसुद्धा म्हणाली की आपलं घर इतकं छान आहे हे ठाऊक नव्हतं. पांढऱ्या चादरी परटाकडून कडक इस्त्रीच्या यायच्या. रात्री अकराला कुणी गाडी चुकून स्टेशनवर अडकलं तर फोन त्यांना जायचा, मला नाही, आणि साठीनंतर ही सोय फार मोलाची आहे. दर मंगळवारी पैसे खात्यात जमा, सहा आठवड्यांत एकदाही उशीर नाही. सफाईला त्यांनी तरसालीकडच्या एक बाई पाठवल्या. फरशी पुसून झाल्यावर त्या पंख्याची पाती आपणहून पुसत. एकदा एका पाहुण्यांच्या लहान मुलीचं चांदीचं पैंजण गादीखाली सापडलं, ते त्यांनी आणून माझ्या हातात ठेवलं. एक तारा त्यांचाच आहे.

आता हिशेब. तीन खोल्या रात्रीच्या हिशेबानं गेल्या. तिन्ही मिळून 138 रात्री मोकळ्या होत्या, त्यांपैकी 55 भरल्या. त्यांचे 67,500 झाले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाकिस्तानशी तणाव होता, चार बुकिंगं रद्द झाली. तो दोष मी कंपनीच्या माथी मारत नाही. पण जूनमध्येही चित्र फारसं बदललं नाही. 43 अंशांत बडोदं बघायला कोण येणार? जे आले ते बहुतेक स्टॅच्यू ऑफ युनिटीला जाणारे. पुतळा केवडियाला, इथून सुमारे 90 किलोमीटर, सोमवारी बंद. त्यामुळे शुक्रवार-शनिवार खोल्या भरायच्या, रविवारी दुपारी सगळे निघून जायचे आणि मंगळवार, बुधवार, गुरुवार वरचा मजला पुन्हा सुना.

चौथी खोली, दुसऱ्या मजल्यावरची, सगळ्यात गरम आणि जिन्याला लांब, ती दोन इंजिनिअरिंगच्या मुलींनी घेतली. एक नागपूरची, एक सुरतेची. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप. 4 मे ते 15 जून, 42 रात्री, दोघींचे मिळून 18,900. कंपनीच्या मुलाला हे बुकिंग नको होतं. "मावशी, रात्रीचे 450 पडतात, खोली फुकट जाते," असं तो म्हणाला. मी हट्टानं घेतलं, कारण मुलीची आई फोनवर रडवेली झाली होती. मकरपुऱ्याजवळ त्यांना पाहिलेली जागा आवडली नव्हती आणि रुजू व्हायला पाच दिवस उरले होते.

सगळी बिलं आल्यावर एका रात्री मी वही उघडली. रात्रीच्या तीन खोल्यांच्या 67,500 मधून कंपनीचे 14,850, तयारीचे 6,000, तीस वेळा सफाईचे 4,500 गेले. राहिले 42,150. त्यातून माझा खर्च. मे-जूनचं विजेचं बिल 19,400 आलं, आदल्या वर्षी त्याच दोन महिन्यांचं 6,100 होतं. वाढलेल्या 13,300 पैकी 10,400 या तीन खोल्यांचे. लोक एसी चालू ठेवून दिवसभर केवडियाला जायचे. पाण्याचे दोन टँकर 1,400, फ्लशची टाकी 1,150, एक गादी 3,200. हातात उरले 26,000. म्हणजे खोलीला 8,667.

इंटर्न मुलींच्या खोलीचे 18,900. कंपनीचे 4,158, तयारीचे 2,000, सफाई एकदाच 150, वीज 2,900. उरले 9,692.

मी हे तीनदा तपासलं. ज्या खोलीला कंपनी 'फुकट गेली' म्हणत होती तिनं हजार रुपये जास्त दिले. सहा आठवड्यांत तिच्यासाठी मी एकदा किल्ली दिली आणि एकदा घेतली. बाकीच्या तीन खोल्यांसाठी तीस वेळा दार उघडलं, तीस वेळा वाय-फायचा पासवर्ड सांगितला, तीस वेळा गीझर कुठे ते दाखवलं. नागपूरची मुलगी संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायची, दिवसभर व्हॉल्व्हच्या टेस्टिंगमध्ये काय झालं ते ह्यांना सांगायची. हे कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांचा तो उन्हाळा फार छान गेला.

चारही खोल्यांचे मिळून 35,692. कंपनीच्या कागदावर इथेच हिशेब संपतो, माझ्या वहीत तो पुढे जातो, आणि हा भाग सगळ्या पीजीवाल्यांनी वाचावा अशी माझी फार इच्छा आहे.

त्या चार खोल्यांतल्या आठ मुलींपैकी तिघी शिकून बाहेर पडल्या होत्या. पाच जणी परत येणार होत्या. रिवाजाप्रमाणे दीड महिन्याचं अर्धं भाडं, माणशी 3,750, म्हणजे 18,750 त्यांच्याकडून यायचे. कंपनीच्या मुलानं सांगितलं की बाकीचे मालक दोन्ही घेतात. मुलीचं अर्धं भाडंही आणि पाहुण्याचं पूर्णही. मुलीला कळतच नाही, ती गावी असते. मला ते जमलं नाही. अर्धं भाडं ती मुलगी कशाचं देते? तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवल्याचं. त्या खाटेवर दुसरं कुणी झोपलं तर जागा राखली कुठे? एका खाटेची दोन भाडी घेणं ही लबाडी आहे, आणि ज्या पोरींचे आईबाप सोयाबीन विकून फी भरतात त्यांच्याशी ती करणं त्याहून वाईट. पाचही जणींना मी एप्रिलमध्येच फोन करून सांगितलं: सुट्टीत खोली देणार आहे, तुमची खाट जूनमध्ये तुमचीच, अर्धं भाडं माफ. तेव्हा काहीही न करता मला जे 18,750 मिळाले असते ते वजा करायला हवेत. राहिले 16,942.

सहा आठवड्यांची धावपळ, चार खोल्या, आणि खरी वाढ जेमतेम सतरा हजारांची. त्यातलेही पुढे पाच हजार गेले.

आमच्याकडे कोल्हापूरची एक मुलगी फाईन आर्ट्सला आहे. पेंटिंग. ही फॅकल्टी 1950 पासूनची, देशभरातून मुलं येतात, आणि आमच्याकडे या शाखेची एक तरी मुलगी दर वर्षी असतेच. टर्पेंटाईनच्या वासाची मला आता सवय आहे. जाताना ती पाच कॅनव्हास गुंडाळून माळ्यावर ठेवून गेली. मला बजावून गेली, "काकू, ऑइल आहे, आतून अजून ओलं आहे, ऊन लागू देऊ नका." मी कंपनीच्या मुलाला दोनदा सांगितलं की माळ्याला हात लावायचा नाही. 'तयारी'च्या दिवशी मी दवाखान्यात गेले होते. परत आले तर चारही खोल्या चकचकीत. माळे रिकामे. सगळं सामान गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, ट्रंकांवर ट्रंका आणि त्यांच्याखाली ते कॅनव्हास. फोटोत माळ्यावरचं सामान वाईट दिसतं म्हणून.

मी त्याच संध्याकाळी सगळं खाली आणलं. पण मेच्या पहिल्या आठवड्यातली ती एक दुपार पुरेशी होती. दोन कॅनव्हास एकमेकांना चिकटले. सोडवायला गेलो तर रंगाचा पापुद्रा निघून दुसऱ्यावर गेला. एकावर तिनं तिच्या आजीचं चित्र काढलं होतं, चुलीपुढे बसलेली आजी. मला ते माहीत होतं, कारण डिसेंबरात ते काढताना चूल कशी सारवतात ते तिनं मला येऊन विचारलं होतं.

फोन केला तेव्हा ती रडली नाही. गप्प झाली, मग म्हणाली, "असू दे काकू." मला ते रडण्यापेक्षा जड गेलं. कंपनीला मी लिहून तक्रार दिली. नऊ दिवसांनी उत्तर आलं: पाहुण्यांव्यतिरिक्त इतरांच्या सामानाची जबाबदारी करारात नाही, सद्भावना म्हणून 500 रुपयांची सूट पुढच्या हंगामाच्या तयारी शुल्कात. मी करार काढून वाचला. खरंच, सातव्या कलमात खोली 'पूर्णतः रिकामी' दिली आहे असं माझ्या सहीनं लिहिलेलं होतं. मी सही केली होती. दुसऱ्यांची गणितं तपासण्यात आयुष्य गेलं, आणि हा कागद मी नीट वाचला नाही. त्या मुलीचं जुलैचं भाडं घेतलं नाही. पैशानं ते चित्र भरून येत नाही हे मला कळतं. पण नुकसान माझ्या घरात झालं, तेव्हा ते मी काही तरी सोसायलाच हवं होतं.

शेवटचा आकडा 11,942.

दुसरा तारा कापला तो दरासाठी. नंदुरबारकडचं एक शेतकरी जोडपं आलं. मुलाचं मोटरसायकलवरून पडून पायाचं ऑपरेशन, तो सयाजीगंजातल्या एका दवाखान्यात. त्यांच्या भाच्यानं मोबाइलवरून बुकिंग केलं, चार रात्री, रात्रीला 1,100 दरानं. डॉक्टरांनी मुक्काम वाढवला. भाचा पुन्हा बुक करायला गेला तर शनिवारचा दर 1,650. का? केवडियाची गर्दी. यंत्र दर वाढवतं, माणूस कशासाठी आला आहे ते त्याला ठाऊक नसतं. ते काका खाली आले, टोपी हातात, मला म्हणाले, "ताई, आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपू, तेवढं सामान इथे राहू द्या." मी त्यांना खोलीतच राहायला सांगितलं आणि कंपनीला फोन केला की दर तोच ठेवा, फरक माझ्या वाट्यातून कापा. पहिल्या बाईंना अधिकार नव्हता. दुसऱ्या साहेबांनी मला समजावलं की पाहुण्याशी परस्पर दर ठरवणं हा करारभंग आहे. शेवटी फरक माझ्या वाट्यातून कापून घेतला. ती मंडळी नऊ रात्री राहिली. जाताना काकूंनी पिशवीतून तूरडाळ काढून दिली, घरच्या शेतातली. मला एवढंच म्हणायचं आहे की दवाखान्याजवळच्या घराला अशी माणसं नेहमी येणार. त्यांच्यासाठी आठवड्याचा एक ठराविक दर लावायची मुभा मालकाला हवी. ती मिळत नसेल तर सही करू नका.

दारूबंदीबद्दलही सांगायला हवं. गुजरातेत ती राज्य झाल्यापासून आहे, आणि मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांना ते पुष्कळदा लक्षात नसतं. बाहेरच्यांना परवाना मिळू शकतो, पण तो हॉटेलात बसून पिण्यासारखा सरळ मामला नाही, आणि मुलींच्या घरात मला ते नकोच होतं. मी सांगितलं, जाहिरातीत स्पष्ट लिहा. त्यांनी लिहिलं, मग आठवड्यात काढून टाकलं, त्यामुळे बुकिंग कमी होतं म्हणून. एका शनिवारी चार तरुण आले, त्यांच्या बॅगेत बाटल्या. वरच्या मजल्यावर पीएचडीच्या मुली होत्या. ह्यांनी शांतपणे सांगितलं, मुलं समजूतदार होती, माफी मागून निघून गेली. पण त्या दिवशी मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्याला मधे लोखंडी दार बसवून घेतलं आणि तिथपासून वर फक्त मुली हा नियम केला. तो आता कायमचा. दाराचा खर्च मी वर धरलेला नाही, कारण ते घराचं झालं.

कराबद्दल विचारणाऱ्या मैत्रिणी खूप आहेत म्हणून थोडक्यात. हॉस्टेल-पीजीला माणशी महिना 20,000 पर्यंत भाडं आणि सलग 90 दिवसांचा मुक्काम असेल तर जीएसटी माफ आहे, जुलै 2024 पासून. उन्हाळ्यातला पाहुणा 90 दिवस राहत नाही, तेव्हा तीच खाट त्याच्यासाठी हॉटेलाच्या रांगेत जाते. आपली वर्षाची मिळकत 20 लाखांच्या आत असली तर आपल्याला नोंदणी लागत नाही, पण बुकिंग कंपनीमार्फत झालं तर पाहुण्याकडून कर कंपनी घेते आणि भरते. गेल्या उन्हाळ्यात तो 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 पर्यंतच्या खोलीला 5 टक्के झाला. पाहुण्याला यंदा तेवढं स्वस्त पडेल, हे दर ठरवताना लक्षात ठेवा, नाहीतर ती बचत कंपनी दरात गिळून टाकेल. पॅन नक्की द्या. वर्षाला 5 लाखांच्या आत असाल तर मग कंपनीनं टीडीएस कापायचा नसतो. आणि नुसत्या घरभाड्यावर आयकरात 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पण चादरी-सफाईसकट रात्रीच्या हिशेबानं दिलं तर ते धंद्याचं उत्पन्न ठरू शकतं. हे एकदा आपल्या सीएंशी बोलून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांत देणं चुकवू नका, सहा आठवड्यांचा असला तरी. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला वेगळ्या फॉर्मवर कळवावी लागते. कंपनीनं आमच्याकडे परदेशी पाहुणे घेतलेच नाहीत, ते एक बरं केलं.

एक आनंदाची गोष्ट राहिली. पुण्याचं एक कुटुंब खास बडोदं बघायला आलं होतं, केवडियाला जायचंसुद्धा त्यांच्या मनात नव्हतं. आजोबांना तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघायची होती, त्यांच्या घरातलं कुणीतरी सयाजीरावांच्या काळात इथे नोकरीला होतं. हे त्यांना सकाळी साडेसहाला स्कूटरवरून घेऊन गेले. आधी कामाटीबागेत, मग रावपुऱ्यात. परत येताना शेव-उसळ खाऊन आले आणि दुपारभर सगळे आमच्या हॉलमध्ये कूलरसमोर आडवे. अशा पाहुण्यासाठी मी खोली पुन्हा देईन, तोटा झाला तरी.

तर यंदाचं ठरलं ते असं. दोन खोल्या मी स्वतःच इंटर्न मुलींना देणार, महिन्याच्या हिशेबानं, माणशी 6,500, वीज वेगळी. कंपनी नको. गेल्या वर्षीच्या नागपूरच्या मुलीनं तिच्या कॉलेजात सांगितलं आणि फेब्रुवारीतच चौघींचे फोन आले. कंपन्यांच्या इंटर्नशिप मार्चपर्यंत पक्क्या होतात, तेव्हा तुम्हीही कॉलेजांच्या प्लेसमेंट ऑफिसला आत्ताच कळवा. मे उजाडल्यावर फार उशीर होतो. तिसरी खोली कंपनीला, पण फक्त शुक्रवार ते रविवार. जाहिरातीत दारूबंदीची ओळ राहिलीच पाहिजे, रुग्णाच्या नातेवाइकांना ठराविक दर, आणि सातवं कलम खोडलेलं. कंपनीचा मुलगा म्हणाला, वर विचारून सांगतो. मला तो मुलगा आवडतो, मेहनती आहे. गच्चीवरचं सामान खाली आणायला त्या दिवशी तोच आला होता, ऑफिस सुटल्यावर.

चौथी खोली कुणालाच नाही. ती मुलींच्या सामानाची. ट्रंका भिंतीला लावून, प्रत्येकीवर नाव, पंखा चालू, खिडकीला वाळ्याचा पडदा. कोल्हापूरची मुलगी परवा येऊन बघून गेली आणि कॅनव्हास उभे ठेवायला भिंतीला दोन लाकडी पट्ट्या ठोकून मागितल्या. सुतार उद्या येतो आहे. कंपनीचा मुलगा शुक्रवारी येईल तेव्हा त्याला फक्त तिसरी खोली दाखवायची असं मी ह्यांना सांगून ठेवलं आहे.